वारस नसलेल्यांचे म्हातारपण

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका आजींना घेऊन मी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो होतो. आधारकार्डावर त्यांचे वय ७४ आहे. खरे त्याहून जास्त असावे. नवरा गिरणीत बदली कामगार होता, तो संपानंतर खचून गेला. एकुलती मुलगी बाळंतपणात गेली. चाळीस वर्षे लोकांची धुणीभांडी केली, आता हात उचलत नाही. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' ह्या कायद्याखाली त्यांची कुठेतरी सोय लागावी, असा अर्ज मी लिहून दिला होता. एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे अर्ज लिहायला वस्ती माझ्याकडे येते.

कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारले, "आजी, मुलं किती?"

"कोन नाय बाबा."

"जमीन, घर, काही नावावर?"

"झोपडीची पावती हाय. ती बी त्यांच्या नावाची."

"पुतण्या, भाचा?"

"पुतन्या हाय की. पर त्याचंच त्याला पुरंना."

कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने कपाटातून कायद्याची छापील प्रत काढली आणि व्याख्येवर बोट ठेवून मला दाखवले. निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकाचा 'नातेवाईक' म्हणजे कोण? तर त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा त्याच्या पश्चात ज्याला ती वारशाने मिळणार आहे असा सज्ञान वारस. तो म्हणाला, "सर, हिचं घ्यायला कुणाला काही नाही. म्हणजे कायद्यानं हिला नातेवाईकच नाही. मग मी नोटीस कुणाला काढू?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. नाते रक्ताने ठरते, लग्नाने ठरते, जातीने ठरते, हे मी शिकवत आलो. ते सातबाऱ्याने ठरते हे मला त्या दिवशी कळले. घरी आल्यावर मी कायदे वाचायला घेतले. म्हाताऱ्या माणसाची काळजी कुणी घ्यायची आणि ती नीट घेतली जाते की नाही हे कुणी पाहायचे, ह्या एका प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास काय आहे, तो मला समजून घ्यायचा होता.

ह्या विषयावर व्याख्यान देणारे आपल्याकडे हमखास एकत्र कुटुंबापासून सुरुवात करतात. पूर्वी म्हणे वृद्धांना मान होता, नातवंडे मांडीवर खेळत, वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची देणगी. हे चित्र कुणाच्या वाड्यातले आहे? 'आश्रम' हा शब्दच पाहा. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास ही आयुष्याची चार घरे ज्यांनी आखली त्यांनी शूद्रातिशूद्रांना त्यांत जागा ठेवली नव्हती. आमच्या माणसाला वानप्रस्थ नव्हता, कारण त्याला निवृत्तीच नव्हती.

महारवतनाचा इतिहास ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १८७४ च्या वतन कायद्याने महाराची चाकरी सरकारी शिक्क्याची केली. तिला वेळेची मर्यादा नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात हा कायदा दुरुस्त करण्यासाठी विधेयक मांडले, तेव्हा ह्या गुलामगिरीचा जो पाढा त्यांनी वाचला त्यात एक गोष्ट अशी की, पाळीचा महार हजर नसेल तर त्याच्या घरातले दुसरे माणूस राबवून घेतले जाई. दुसरे माणूस म्हणजे कोण? बायको, नाहीतर म्हातारा बाप. मुलगा मुंबईला गेला तर टपाल घेऊन पुढच्या गावापर्यंत चालत जायचे ते बापाने, गुडघे धरलेले असोत की डोळ्यांत मोतीबिंदू असो. म्हातारपणाची आमच्यासाठी जी व्यवस्था होती ती ही. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. ती गेली हे चांगलेच झाले. पण वतन गेल्यावर म्हाताऱ्याने खायचे काय, ह्याची एक ओळही कुठे लिहिली गेली नाही.

लिहिली गेली ती वेगळीच ओळ. लागलीच, म्हणजे १९५९ साली, मुंबई राज्याने भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. १९४५ चा मुंबईचा 'बेगर्स ॲक्ट' आधी होताच, हा त्याहून विस्तृत. भीक मागणे म्हणजे हात पसरणे एवढेच ह्या कायद्यात नाही. उपजीविकेचे साधन दिसत नसताना जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत हिंडतो किंवा थांबतो की तो भिकेवर जगत असावा असे वाटावे, तोही भिकारीच. पोलिसाला त्याला वॉरंटाशिवाय धरता येते. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षे 'प्रमाणित संस्थे'त. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. आणि दहावे कलम तर शांतपणे वाचवत नाही: कोंडलेला माणूस आंधळा, पांगळा किंवा कधीच बरा न होण्याजोगा असहाय असेल, तर मुदत संपल्यावरही त्याला बेमुदत ठेवता येईल.

म्हणजे माणूस जितका म्हातारा, जितका असहाय, तितका त्याचा तुरुंगवास लांबणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या वडिलांचे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, वतन गेल्यानंतर गावात राहिले नाहीत. पोरगा शहरात हमाली करतो म्हणून त्याच्याकडे आले. पोराच्या खोलीत सहा माणसे. आबा दिवसभर स्टेशनाबाहेरच्या कठड्यावर बसून राहत. अंगावर घोंगडी, हातात काठी. भीक त्यांनी कधी मागितली नाही. घुंगुरकाठी टाकली ती त्याचसाठी, असे ते म्हणायचे. एका संध्याकाळी ते परत आले नाहीत. चार महिन्यांनी गावातल्या एका माणसाकडून कळले की ते एका भिक्षेकरी गृहात आहेत. वडील गेले तेव्हा आबा बराकीत चाळीस जणांत जमिनीवर पडलेले होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. कुणी मारले नव्हते. कूस बदलायला कुणी नव्हते, म्हणून झाल्या होत्या. वडिलांनी हमीपत्र दिले, आबांना पाठीवर घेऊन बसमध्ये चढवले. ते पुढे पंधरा दिवस जगले. माझ्या लहानपणी घरात ही गोष्ट कुणी मोठ्याने सांगत नसे. भिकारी म्हणून आपले माणूस धरले गेले ह्याची लाज होती. लाज कुणाला वाटायला हवी होती, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ह्याच मुंबईच्या कायद्यातली, भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. दिल्लीने हा कायदा आमच्याकडूनच उसना नेला होता. तो निकाल दिल्लीपुरता होता.

हा विचार आला कुठून, ह्याचा माग काढला तर आपण इंग्लंडात पोचतो. तिकडे १८३४ साली गरिबांचा नवा कायदा झाला. त्याचे तत्त्व असे की, सरकारी मदतीवर जगणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे कुणी मदत मागायला धजणार नाही. त्यासाठी वर्कहाउस. आत गेले की गणवेश, पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे. पन्नास वर्षे संसार केलेली जोडपी दारात ताटातूट होऊन आत जात. १८४७ साली साठीपुढच्या जोडप्यांना सक्तीने वेगळे ठेवू नये असे ठरले, पण तशा खोल्या बांधल्या कुणी? १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन मिळू लागले, १९०९ च्या १ जानेवारीपासून. तेही सुरुवातीला गरीबखान्याची मदत घेणाऱ्यांना आणि सवयीने काम टाळणाऱ्यांना नाही. पोटासाठी हात पसरला हा डाग तिथेही पुसत नव्हता.

१९४८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने गरिबांचा जुना कायदा मोडीत काढला. अन्यूरिन बेव्हन ह्या खाणकामगाराच्या पोराने, जो तेव्हा आरोग्यमंत्री होता, वर्कहाउसची जागा लहान, हॉटेलसारखी घरे घेतील असे सांगितले. दहा वर्षांनी पीटर टाउन्सेंड नावाचा समाजशास्त्रज्ञ ती घरे पाहायला निघाला. त्याने इंग्लंड आणि वेल्समधली १७३ घरे पाहिली आणि १९६२ साली 'द लास्ट रेफ्यूज' हे पुस्तक लिहिले. त्याला काय आढळले? जुन्या वर्कहाउसच्याच इमारती, पाट्या बदललेल्या. लांबच लांब दालने, खाटेला खाट लागलेली, स्वतःचे म्हणून एक कपाटही नसलेली माणसे. कायदा बदलला होता, भिंत तीच होती. आपल्या चळवळीतल्या अभ्यासकांनी हे पुस्तक वाचावे असे मला वाटते. मोठमोठ्या सिद्धान्तांच्या नादी न लागता एक माणूस दारोदार जाऊन खाटा मोजतो आणि सरकारला खोटे पाडतो, असे काम आपल्याकडे अजून व्हायचे आहे.

इंग्लंडशी आपले आणखी एक नाते आहे, आणि ते मला कायद्याच्या एका शब्दात सापडले. १९२७ साली तिकडे नर्सिंग होमची नोंदणी करणारा कायदा झाला. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारी जागा म्हणजे नर्सिंग होम, अशी त्याची व्याख्या. मुंबईने १९४९ साली आपला नर्सिंग होम नोंदणी कायदा केला तेव्हा तो 'दुर्बलता' हा शब्द जसाच्या तसा उचलला. पण आपल्या व्याख्येत शुश्रूषेबरोबर उपचारही हवेत. त्यामुळे कायदा लागू झाला तो डॉक्टरांच्या दवाखान्यांना आणि प्रसूतिगृहांना. ज्या घरात औषधोपचार नाहीत, नुसती म्हातारी माणसे ठेवली आहेत, ते ह्या कक्षेबाहेर राहिले. मग अशा घरावर नजर कुणाची? संस्था विश्वस्त निधी म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांची. ते हिशेब पाहतात. देणगी किती आली, खर्च किती झाला, विश्वस्त कोण. खाटेवरच्या माणसाची पाठ सोलली आहे का, हा हिशेबाच्या वहीतला रकाना नव्हे.

येथवरच्या इतिहासात गरीब म्हाताऱ्याला दोनच जागा दिसतात: कुलूप किंवा दानधर्म. तिसरी जागा, हक्काची, बाबासाहेबांनी दाखवली होती. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा १९४७ चा मसुदा आपण शेतीच्या राष्ट्रीयीकरणासाठी वाचतो. त्यातच विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, असे कलम आहे. म्हातारपण, आजार, मृत्यू ही दैवाची किंवा लेकाच्या मर्जीची गोष्ट राहू नये, ती राज्याच्या तिजोरीशी जोडली जावी, हा त्यामागचा विचार. घटनेत शेवटी आले ते ४१ वे कलम. वार्धक्यात साहाय्य मिळण्याचा हक्क त्यात आहे. पण राज्याच्या 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत', आणि मार्गदर्शक तत्त्व म्हणून, न्यायालयात मागता न येणारे.

ह्या कुवतीची मोजदाद अशी. १९८० मध्ये महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आली. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्राचे वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाले, महिना ७५ रुपये. पुढे ते २०० झाले, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा तिथेच थांबला. राज्याची भर घालून महाराष्ट्रात २०२३ मध्ये हे १५०० झाले. राज्याच्या योजनेचे नाव श्रावणबाळ. नाव ठेवणाऱ्याने रामायण पुरते वाचले नसावे. वाल्मीकीच्या कथेत तो मुलगा आपण वैश्य बापाच्या आणि शूद्र आईच्या पोटचे आहोत असे सांगतो. राजाच्या बाणाने तो मरतो आणि मागोमाग त्याचे आंधळे आईबापही जातात. राजाचे राज्य पुढे चालू राहते.

पेन्शनने सारे भागत नाही. ज्याला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही त्याला पैसे देऊन काय होणार? घास भरवणारा हात हवा. येथे राज्याने आपले अंग काढून घेतले आणि मुलाबाळांकडे बोट दाखवले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फक्त बायकोमुलांना पोटगी होती. १९७३ च्या संहितेने १२५ व्या कलमात आईबापांना आणले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका प्रकरणात विवाहित मुलीवरही ही जबाबदारी आहे असे सांगितले. तो निकाल चांगला. पण दिशा लक्षात घ्या. दर पावलाला कायदा घरात खोल शिरतो आणि सरकार घरापासून एक पाऊल दूर जाते.

२००७ चा कायदा ह्या दिशेचे टोक आहे. त्यात न्यायाधिकरण आहे, महिना १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थाचा आदेश आहे, म्हाताऱ्याला टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. २३ वे कलम असे की, सांभाळण्याच्या अटीवर मुलाला घर दिले आणि मुलाने सांभाळले नाही तर ते बक्षीसपत्र रद्द होते. वर्तमानपत्रात ज्या बातम्या येतात त्या बहुतेक ह्याच कलमाच्या: बापाला फ्लॅट परत मिळाला. मिळावाच. त्या बापाबद्दल माझ्या मनात आकस नाही. फसवला गेलेला बाप कोणत्याही जातीचा असो, तो फसवलेलाच. प्रश्न एवढाच आहे की ज्याने कधी काही दिलेच नाही, कारण त्याच्याजवळ द्यायला काही नव्हते, त्याच्यासाठी ह्या कायद्यात काय आहे?

त्याच्यासाठी १९ वे कलम आहे. राज्य शासनाला टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम उभारता येतील, सुरुवातीला जिल्ह्याला किमान एक, त्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय. त्यांच्या व्यवस्थापनाची योजना, सेवांचा दर्जा हेही शासनाला ठरवता येईल. 'उभारता येतील', 'ठरवता येईल'. मुलाने सांभाळलेच पाहिजे, शासनाला सांभाळता येईल! सगळ्या कायद्यातले आमचे कलम हे एक, आणि त्याचेच क्रियापद लंगडे. २०१८ च्या डिसेंबरात अश्विनीकुमार ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत ह्याची माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन अकरा वर्षे झाली होती आणि न्यायालयाला आधी आकडा मागावा लागत होता. महाराष्ट्रात १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना निघाली होती, पण ती संस्थांच्या हाती. राज्याने २०१० मध्ये ह्या कायद्याखाली नियमही केले. केंद्राने राज्यांना नमुन्यादाखल जे नियम सुचवले त्यांत झोपायच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर जागा असावी असे आहे. भिंती मोजणे सोपे असते. हातांची मोजणी मात्र आपल्या कायद्याला जड जाते.

हातांबद्दल मी का बोलतो ते सांगतो. माझी धाकटी बहीण विधवा झाल्यावर शहराबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमात आयाचे काम करीत होती. एजन्सीमार्फत. रात्री आठ ते सकाळी आठ. तिथे आमच्या वस्तीतला एकही म्हातारा राहायला नव्हता, कामाला मात्र सात जणी होत्या. अंग पुसणे, डायपर बदलणे, शी-शू काढणे, ओकारी धुणे हे काम त्यांचे. स्वयंपाकघरात त्यांच्यातल्या एकीलाही घेतले नव्हते. ताटे दुसरी बाई वाढायची, ती कोणत्या घरची हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या सावलीचा एकेकाळी विटाळ होत होता त्यांनीच आता ह्या अंगाला हात लावायचा, फक्त भाताला नाही.

बहीण सांगायची, "दादा, सतरा खाटा अन् रातच्याला मी एकली. हिकडची हाक मारती तवर तिकडची वली झालेली असती."

तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वय ऐंशीच्या पुढे, बोलणे स्वच्छ. त्यांना बहिणीचा लळा होता. तिच्याकडून त्या रोज रात्री वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेत आणि तिचे उच्चार दुरुस्त करीत. सातवीत शाळा सुटलेली माझी बहीण त्या म्हातारीमुळे पुन्हा वाचायला लागली होती. एका पहाटे त्यांनी लघवीला जायचे म्हणून हाक मारली. बहीण दुसऱ्या टोकाला एका आजोबांना साफ करीत होती. "आले, आले," म्हणेपर्यंत बाई स्वतःच उठल्या आणि पडल्या. खुबा मोडला. तीन आठवड्यांत गेल्या. मालकाने त्यांच्या मुलाला सांगितले, आया झोपली होती. बहिणीला त्याच दिवशी काढले, महिन्याचा पगारही अडकवला. चौकशी झाली नाही, कारण चौकशी करणारे कुणी नव्हते. त्या आश्रमाकडे कोणत्या परवान्याची कागदपत्रे आहेत हे विचारायला मी दोन कचेऱ्यांत गेलो. दोन्ही ठिकाणी हा विषय आमच्याकडे येत नाही असे उत्तर मिळाले. बहीण अजूनही त्या पहाटेबद्दल बोलताना सुरुवात "मी झोपले नव्हते" अशी करते.

सतरा माणसांमागे एक बाई ठेवणारा गुन्हेगार ठरत नाही आणि ती बाई ठरते. मुख्याध्यापिका बाईंचा जीव आणि बहिणीची भाकरी एकाच हिशेबात गेली. म्हणून वृद्धांच्या सुरक्षिततेचा कायदा हा केवळ सुखवस्तू म्हाताऱ्यांचा प्रश्न, त्यात दलित चळवळीने का पडावे, असे जे आमचे काही मित्र म्हणतात ते मला पटत नाही. खाटेच्या दोन्ही बाजूंना माणूस आहे.

हात मोजता येतात का? येतात. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अलीकडचे आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी मुली तिकडे हेच काम करायला जातात म्हणून ते परकेही नाही. तिथे १९९७ सालीच वृद्धांच्या देखभालीचा कायदा झाला होता. तरी २००० साली मेलबर्नजवळच्या एका नर्सिंग होममध्ये खरजेवर इलाज म्हणून म्हाताऱ्यांना केरोसीन मिसळलेल्या पाण्याने अंघोळ घातल्याचे उघड झाले. तपासनीस होते, प्रमाणपत्रे होती. कागद पुरा होता. अशी प्रकरणे साचत गेली तेव्हा २०१८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचे नाव एका शब्दाचे होते: हेळसांड. २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या. त्यातून जे निघाले त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या निवासी संस्थांना दर माणसामागे दिवसाला सरासरी २०० मिनिटांची शुश्रूषा द्यावी लागते, ऑक्टोबर २०२४ पासून २१५ मिनिटांची, त्यातली ४४ नोंदणीकृत परिचारिकेची. शिवाय २०२३ च्या जुलैपासून चोवीस तास परिचारिका हजर. नोव्हेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तो वृद्धांच्या हक्कांपासून सुरू होतो. सगळे आलबेल झाले असे मी म्हणत नाही. मिनिटांचा हिशेबही खोटा लिहिता येतो. पण 'मायेने वागवावे' असे लिहिणाऱ्या कायद्यात आणि 'इतकी मिनिटे द्यावी' असे लिहिणाऱ्या कायद्यात फरक आहे. माझ्या बहिणीच्या सतरा खाटांना हे गणित लावून पाहा. बारा तासांची ७२० मिनिटे, सतराने भागली तर माणशी बेचाळीस. तीही ती पाणी प्यायला थांबली नाही तर.

आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरात २००७ च्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले होते. त्यात वृद्धांच्या देखभाल गृहांची नोंदणी होती, किमान दर्जाची तरतूद होती, घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सींचीही नोंदणी होती. पाठवलेली बाई प्रशिक्षित असावी आणि तिची पोलिसांकडून पडताळणी झालेली असावी, असेही होते. बाईचा पोलिसी दाखला सुचला. तिला किती खाटा आणि किती पगार, हे सुचले नाही. तरीही ते विधेयक व्हायला हवे होते. स्थायी समितीकडे गेले, २०२१ मध्ये तिचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक आपोआप बाद झाले. संसदेत त्यासाठी कुणी सभात्याग केल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्या संघटनांनीही मोर्चा काढला नाही, मी स्वतःही नाही. आरक्षणाच्या, शिष्यवृत्तीच्या, अत्याचाराच्या प्रश्नांवर आपण रस्त्यावर आलो ते बरोबरच होते. पण पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी मोर्चात घोषणा दिल्या ती पोरे आता सत्तरीत आहेत. त्यांतले कितीतरी एकेकटे आहेत. पक्षाच्या, संघटनेच्या कामात लग्ने राहून गेली, घरे झाली नाहीत, नोकऱ्या टिकल्या नाहीत. कायद्याच्या भाषेत त्यांनाही नातेवाईक नाहीत.

आजींच्या अर्जाचे मी पुढे असे केले. तो परत घेतला आणि दुसरा लिहिला, ह्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. १९ वे कलम उद्धृत केले, जिल्ह्यात त्या कलमाखाली शासनाचा वृद्धाश्रम कोठे आहे, त्यात किती खाटा आहेत, रात्रपाळीला किती माणसे असतात आणि त्यांना काय पगार मिळतो, असे चार प्रश्न विचारले. शेवटच्या दोन प्रश्नांवर आवक विभागातल्या बाई थांबल्या. म्हणाल्या, "हे तुम्हांला कशाला हवं?" मी म्हणालो, "आजींना तिथे राहायचं आहे." आजी बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन् माझ्या शेजारची पोर तितं कामाला लागंल, तिला बी इचारा."

पोचपावतीवर शिक्का मिळाला आहे, क्रमांक नाही. सोमवारी पुन्हा जायचे आहे.